बाभळीचे ठोकळे

कुरुळीच्या आसपास कुणाची जीप नाहीतर ट्रक अडला, की माणूस सयाजीला बोलवायला येई. सयाजी यायचा तो पाठीवर गोणपाटाचं जड ओझं घेऊन. आल्यावर तो गाडीकडे बघायचा नाही, जमिनीकडे बघायचा. टाचेनं माती दाबून बघे. उतार कुठल्या अंगाला आहे ते वाकून बघे. मग चाकांना उटी लावे, म्हणजे जमिनीवर टेकलेल्या चाकांच्या मागेपुढे दगड घट्ट दाबून बसवी. त्यानंतर जॅक. आणि गाडी वर उचलली गेली, की गोणपाटातून बाभळीचे जाडजूड ठोकळे काढून तो त्यांची आडवी-उभी उतरंड रची आणि गाडीचं वजन त्यांच्यावर घेई. हे सगळं होईस्तोवर मालकाचा जीव वरखाली.

"आरं, एक नट आवळायचाय. देऊळ बांधाया बसलास व्हय?"

"नट तुमी आवळणार का मी?"

"तूच की."

"मंग खाली मी जानार हाय. बिडी वढा तवर."

परगावचे लोक याला सयाजीची पूजा म्हणत आणि हसत. कुरुळीतलं कुणी हसत नसे. कुरुळीत सगळ्यांना त्याचा थोरला भाऊ गेनू माहीत होता.

बाप लवकर गेल्यावर गेनूनंच सयाजीला वाढवलं. गेनू बबनरावाच्या बैलगाड्या हाकायचा. बबनराव हा गावातला कांद्याचा व्यापारी. चाकणच्या बाजारात त्याचा शब्द चाले. माणूस मोठा संशयी. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या कांद्यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही. कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढील तेव्हाच भाव बोलेल. दुसरं महायुद्ध संपल्यावर देहूरोडला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होत असे. तिथून त्यानं एक जीप आणली. गावातली ती पहिली मोटार. पोरं तिच्यामागं धावत, म्हाताऱ्या बाया तिला हळदकुंकू लावत, आणि बबनराव कांदा विकायला जाताना खाकी टोपी घालू लागला.

ही सगळी माणसं बैलगाडीवर वाढलेली. बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचं म्हणजे बैल सोडायचे, गाडी एका अंगानं उचलायची, आखाखाली, म्हणजे चाकांच्या कण्याखाली, दगडांची चवड लावायची. रिकामी गाडी हलकी, तिचं जू जमिनीला टेकलेलं. ती कुठं जाणार? तरीसुद्धा दुसऱ्या चाकाला उटी लावल्याशिवाय कुणी जुनं माणूस वंगणाला हात घालत नसे.

एकदा जीपच्या मागच्या अंगाला खडखड वाजू लागलं. बबनरावानं दारातच जीप उभी केली, मागचं एक चाक जॅकनं उचललं, आखाखाली शेतातल्या दगडांची चवड लावली, अगदी बैलगाडीला लावतात तशी, आणि गेनूला म्हणाला, "शीर खाली. चिखल खरवडून काढ."

गेनूनं विचारलं, "अण्णा, उटी?"

"ही काय बैलगाडी हाय? हँडब्रेक वडलाय की."

गेनू खाली शिरला. चिखल खरवडताना जीप थोडी हलली, दगडांची चवड सरकली, जीप हातभर पुढं गेली आणि खाली आली. गेनूचा उजवा पाय आखाखाली सापडला. पुण्याला नेऊन तो गुडघ्याखालून कापावा लागला.

पाय गेला ते गेलं. पण त्यानंतर जे झालं ते सयाजीच्या जास्त जिव्हारी लागलं. गेनू सांगे, उटी लावलीच नव्हती. बबनराव सांगे, मी लावली होती, यानंच तंबाखू मळायला बाहेर येताना लाथेनं उडवली. पंच बसले. पंच म्हणाले, ज्याचं खरं असेल त्यानं बेलभंडार उचलावा. गेनू तेव्हा पुण्यात दवाखान्यात होता. बबनराव सोवळं नेसून खंडोबाच्या देवळात गेला, बेलाचं पान आणि भंडारा हातात उचलला आणि देवासमोर म्हणाला, "उटी मी माझ्या हातानं लावली व्हती."

आमच्याकडे अशी शपथ तिथंच संपत नाही. खोटा बेलभंडार उचलणाऱ्याला देव वर्षाच्या आत दाखवतो असं मानतात. म्हणून वर्षभर अख्खं गाव बबनरावाकडे डोळे लावून बसलं. त्याचा बैल मरतो का, पोर आजारी पडतं का, पीक जळतं का. त्यातलं काहीच झालं नाही. उलट त्या वर्षी कांद्याला कधी नव्हे तो भाव आला आणि बबनरावानं घराला माडी चढवली. झालं. गावानं देवाचा निकाल मानला. गेनू खोटा ठरला. पारावर गेनू काही बोलायला लागला की कुणीतरी हळूच म्हणे, "असू दे गेनू, देवाला ठावं." आणि बाकीचे खाली बघत. हळूहळू गेनूनं पारावर जाणं सोडलं. घरात बसून दोर वळू लागला.

सयाजी तेव्हा मिसरूड फुटलेला.  रोज अंथरुणावर पडला की तो मनातल्या मनात बबनरावाला जीपखाली घाली. कधी डावा पाय, कधी उजवा. कधी दोन्ही. मग त्याला झोप लागे.

देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपात तो हमाल म्हणून चिकटला आणि चार-दोन वर्षांत हाताखालचा फिटर झाला. तिथल्या मद्रासी मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी त्याच्या हातातला जॅक काढून घेतला आणि म्हणाला, "ये उठाता है. पकडता नहीं. पकडने को लकडी."

तिथंच त्याला जीपचं पोट कळलं. आपल्याला वाटतं हँडब्रेक चाकांना पकडतो. जीपचा तसा नसतो. तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या मधल्या दांड्याला पकडतो. दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर गाडी जागची हलत नाही. पण एक चाक उचललं की ते हवेत मोकळं होतं. ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. दांडा जागच्या जागी पकडलेला, हँडब्रेक पुरता ओढलेला, आणि गाडी आरामात चालू लागते. मिस्त्रीनं हे त्याला हातानं चाक फिरवून दाखवलं. बाकीची पोरं गंमत बघत होती. सयाजीच्या कानशिलात रक्त चढलं. भावाचा पाय फक्त एका दगडापायी गेला, हे त्याला त्या दिवशी नीट समजलं. आणि आणखी एक गोष्ट समजली. कुणाला संशय न येता हे पुन्हा कसं घडवता येईल, ती.

पिंपरीला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. नाशिक रस्त्यावर मालमोटारी वाढल्या होत्या. सयाजीनं बाभळीचा एक जुना बुंधा घेतला, त्याचे स्वतः ठोकळे कापले, तेल पाजून उन्हात वाळवले आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव गाड्या दुरुस्त करू लागला. बबनरावानं त्याला कधी बोलावलं नाही. सयाजीही तिकडं फिरकला नाही. तो वाट बघत होता.

बबनरावाचा धाकटा भाऊ आबाजी याचं लग्न निघालं. मुलगी तळेगाव दाभाड्याची. नवरदेवाला न्यायला मुलीचा मामा मारुतराव चार माणसं घेऊन मुळाला आला होता. नवरदेव जीपमधून येणार हे तळेगावात आधीच गाजलेलं. आणि निघायच्या दिवशी सकाळी, झेंडूच्या माळा बांधून तयार असलेली जीप पुन्हा मागून खडखडू लागली. आता दुसरा मिस्त्री कुठून आणणार? माणूस सयाजीकडे आला.

सयाजी गोणपाट बांधू लागला तेव्हा गेनू उंबऱ्यात दोर वळत बसला होता.

"काय कराया चाललायस?"

"गाडी नीट कराया."

"तुझ्या थोबाडावर तसं दिसत न्हाई."

सयाजीनं गोणपाटाची गाठ आवळली. गेनूची बायको भागूबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भावजी, मला एक धडका दीर ऱ्हाऊ द्या." सयाजी तसाच बाहेर पडला.

बबनरावाच्या दारात मांडव होता. पाहुणे बाजेवर बसले होते. बबनरावाची आई गोजाबाई ओट्यावर हळकुंडं निवडत होती. जीप चिंचेखाली, तोंड रस्त्याकडे करून उभी. जमीन रस्त्याकडे उतरती. सयाजीनं हे सगळं एका नजरेत बघितलं. मागच्या डाव्या चाकाचे नट ढिले करून त्यानं जॅक लावला, चाक उचललं, काढून बाजूला ठेवलं. आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, त्यानं आधी एकच दगड लावला होता. पुढच्या उजव्या चाकापुढं. ठोकळे गोणपाटातच राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो खाली, आखावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांकडे, डोकावला आणि म्हणाला, "पाट्याचा बोल्ट तुटलाय, अण्णा. नवा घालावा लागंल."

"लगेच तुटला? काल तर न्हवता तुटला."

"बगा की सोता."

त्याला पक्कं ठाऊक होतं. तळाचा कांदा वर काढल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो बोल्ट बघितल्याशिवाय राहणार नाही. बबनरावानं धोतर खोचलं, टोपी काढून आबाजीच्या हातात दिली आणि पाठीवर झोपून कमरेपर्यंत जीपखाली सरकला.

"कुटं हाय तुटलेला?"

"अण्णा, हलू नका आता."

"का?"

"उटीवर माझा पाय हाय. एकच उटी हाय. दुसरी न्हाई, ठोकळं बी न्हाईत. हँडब्रेक मातुर वडलाय."

 बाजेवरचे पाहुणे उठून उभे राहिले.

"सया, खेळ करू नगं."

"तेव्हा उटी लावली व्हती का न्हवती? मोठ्यानं सांगा. मामांना ऐकू गेलं पायजे."

"लावली व्हती!"

सयाजीनं दगड टाचेनं बोटभर सरकवला. जीपचा सांगाडा किरकिरला.

"न्हवती!" बबनराव ओरडला. "न्हवती लावली! उटी न्हवती! आता सोड रं!"

सयाजीचा पाय तसाच राहिला. जो क्षण डोळ्यांपुढं आणून तो इतकी वर्षं झोपी जात होता, तो आता पायाखाली होता. एक लाथ पुरे होती. त्याला दया आली नाही. त्याला हिशेब सुचला: आता हा मेला, तर कबुलीही याच्याबरोबर मरेल. मी खुनी ठरीन आणि दादा खोटाच राहील. त्यानं दगड पुन्हा ठोकून बसवला.

बबनराव बाहेर आला. अंगाला माती, ओठ पांढरे. पण उभा राहिल्यावर, धोतर झटकल्यावर त्याच्या अंगात पुन्हा व्यापारी आला. तो हसला.

"बघितलंत मामा? जिवाच्या भीतीनं माणूस काय बी बोलतो. मला म्हनला असता तुझा बाप कुत्रा, तर व्हय म्हनलो असतो."

मारुतराव पोक्त माणूस. त्यानं सयाजीकडे बघून मान हलवली. "पोरा, मानंवर सुरी ठिवून वदवलेलं पंचात चालत न्हाई. देवापुढं उचललेला भंडारा त्याच्यावर भारी."

आणि ते खरंच होतं. सयाजीला ते ऐकताक्षणी कळलं. आबाजी हळदीच्या अंगानं त्याच्यावर धावला, पण बबनरावानं त्याला अडवलं. "थांब. आदी याला गाडी नीट करू दे. वरात निघाली की मग बघतो. थोरला लंगडा हाय, धाकटा थोटा करतो." मग सयाजीला म्हणाला, "बघतोस काय? शीर खाली."

 आता मात्र सयाजीनं पूजा मांडली. पुढच्या दोन्ही चाकांना उटी. मागच्या टेकलेल्या चाकाला दोन्हीकडून. गोणपाटातून ठोकळे काढले, एक उतरंड आखाखाली, एक सांगाड्याखाली. प्रत्येक ठोकळा हलवून बघितला. एरवी तो जॅक सैल करून वजन ठोकळ्यांवर घेई. या वेळी घेतलं नाही. आख आणि ठोकळा यांच्यात त्यानं बोटभर फट ठेवली. वजन जॅकवरच ठेवलं. मग पान्हा घेऊन खाली शिरला आणि नवा बोल्ट बसवता बसवता बोलू लागला.

"अण्णा, हाय का तितंच?"

"काम कर."

"करतोय की. आता मी खाली हाय आन् तुमी वर. दादाच्या येळंसारकंच." पान्हा एकदा फिरला. "त्या येळंला तुमच्याकडून चुकून झालं. म्हनून बाईवानी लपवत बसलात. भंडाऱ्याआड लपलात."

"सया, तोंड आवर."

"म्या उटीवर पाय ठिवला, तुमी ओरडलात. मामांच्या म्होरं. तळेगावात सांगतील की, नवरदेवाचा थोरला भाऊ जीपखाली कसा ओरडत व्हता. बाया जात्यावर वव्या गातील त्याच्या."

मांडवातल्या कुणालातरी हसू फुटलं. ते दाबलं गेलं, पण बबनरावानं ऐकलं.

"मला गाडता आलं असतं तुमाला. म्या न्हाई गाडलं," सयाजी खालून म्हणाला. "तुमाला आता येतंय. पर तुमच्यात तेवढी बी छाती न्हाई. जॅक तुमच्या पायाशी हाय, अण्णा."

बबनरावानं लाथ मारली.

जॅक आडवा होऊन धाडकन पडला. जीप बोटभर खाली आली, ठोकळ्यांवर बसली आणि थांबली. बाभळीचं लाकूड एकदाच कुरकुरलं. सयाजीच्या तोंडावर माती पडली. 

"आरं, खाली मानूस हाय!" मारुतराव ओरडला.

बबनराव स्वतःच्या पायाकडे बघत होता. जणू लाथ दुसऱ्या कुणी मारली. पण भर सकाळ होती, उजेड होता आणि मांडवात गाव होतं. या वेळी कुणी त्याच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

ओट्यावरून गोजाबाई उठली. हळकुंडांचं सूप तिच्या मांडीवरून खाली सांडलं.

"तवाबी उटी न्हवती," ती म्हणाली.

"आई, तू गप."

"गपच व्हते की. म्या दारात भाकरी घिऊन उभी व्हते. गेनूनं इचारलं, अण्णा, उटी? ह्यो हसला. तू भंडारा उचलाया गेलास तवा म्या घरात दार लावून बसले. वरीसभर रोज वाटायचं, आज काय हुतंय. काय झालं न्हाई तवा म्हनलं, देवानं माफ केलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माफ न्हवतं केलं त्यानं. आज तू काय करशील, ती वाट बगत व्हता."

मारुतरावानं पागोटं काढून काखेत घेतलं. तो बबनरावाकडे न बघता म्हणाला, "पंचास्नी मी सोता सांगतो. आन् तळेगावला बी."

जीपखाली सयाजीनं नवा बोल्ट अर्धा आवळला होता. तो तेवढ्यावरच त्यानं सोडला. बाहेर येऊन जॅक पुन्हा उभा केला, जीप किंचित उचलली, ठोकळे एकेक करून काढले, पुसले आणि गोणपाटात भरले. मग जॅक हळूहळू खाली घेतला. चाक नसलेल्या अंगानं जीप खाली बसत गेली आणि झेंडूच्या माळेसकट एका कुशीवर मातीत टेकली.

आबाजी रडवेला झाला होता. "सयाजी, माझं लगीन हाय रं. माझा काय दोष?"

"काय बी न्हाई."

"मंग?"

"मंग काय? बैलगाडीनं जा. तुझा दोष न्हाई म्हनून मी तुझ्या भावाची जीप नीट करीन व्हय?"

घरी येऊन सयाजीनं भावाला सगळं सांगितलं. गेनूनं दोर वळता वळता ऐकलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "गोजाकाकी काय म्हनली ते पुन्हा सांग. तिच्या शब्दात."

सयाजीनं सांगितलं.

"आन् एकदा."

भागूबाई चुलीपाशी डोळ्याला पदर लावून ऐकत होती. तिसऱ्या वेळी गेनूनं दोर बाजूला ठेवला आणि धुतलेला सदरा मागितला. पागोटं मागितलं. कुबडी घेऊन तो बाहेर पडला. सयाजी हात द्यायला गेला, तर गेनूनं तो झटकला. पाराच्या कट्ट्यावर, जिथून वरात जाणार होती, तिथं तो मधोमध जाऊन बसला.  एकानं तंबाखूची चंची पुढं केली.

वरात आली. पुढं वाजंत्री, मागं बैलगाडीत नवरदेव. त्यामागं पाहुणे आणि सगळ्यांत शेवटी, एकटाच, बबनराव. गेनूनं येणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन राम राम घातला. प्रत्येकानं उत्तर दिलं. बबनराव समोर आला तेव्हा गेनू कुबडीवर जोर देऊन उभा राहिला.

"राम राम, अण्णा."

वाजंत्री पुढं गेली होती. पारावरची माणसं बबनरावाच्या तोंडाकडे बघत होती. त्याला राम राम म्हणता आलं नाही आणि न म्हणता पुढंही जाता आलं नाही. गेनू बसला नाही. एका पायावर, कुबडी काखेत धरून, हात जोडून, तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.